लॉरिमरचं डावं दार

शशीदादा, तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी सुनंदावहिनींचा फोन आला. तुम्ही गेलात, असं त्यांनी सांगितलं. मी टेबलाशी बसले होते. फोन ठेवल्यावरही बसून राहिले.

गेल्या आठवड्यात बॉबलिंगेनला तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. हॉल तोच, जिथे दर चौदा एप्रिलला आपण खुर्च्या मांडायचो आणि कार्यक्रम संपल्यावर फरशी पुसून चावी परत द्यायचो. वंदना झाली. मग लोक बोलले. तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, इथे नव्यानं आलेल्या मुलांना तुम्ही केलेली मदत, सगळं सांगून झालं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं. मला उभं राहून बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मला लिहिता येतं, आणि तेही सावकाश.

सगळे गेल्यावर वहिनींनी एक निळी फाइल माझ्या हातात ठेवली. तुमचं पुस्तक. "मेघना, हे तू पुरं कर," त्या म्हणाल्या. "छापायचं कसं ते मी बघते. पण त्या एकसष्टाव्या पानाचं काय करायचं ते तूच ठरव. ठेवायचं का काढायचं. यांनी काही ठरवलं नाही."

एकसष्टाव्या पानावर तुमच्या वडिलांबद्दल एक परिच्छेद आहे. त्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला आहे. पुरावा? अक्षर माझं आहे.

आपली ओळखसुद्धा त्या हॉलमधलीच. मी जर्मनीत, डार्मश्टाटला नुकती आले होते, मुंबई बंदरातल्या जुन्या यंत्रांवर संशोधन करत होते, आणि कुणीतरी मला त्या विषयावर चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मी कागदावरून वाचलं, मान वर न करता. चहाच्या वेळी तुम्ही प्लेट घेऊन समोर आलात. "बाई, तुम्ही बंदराचं एवढं सांगितलंत. बंदराशेजारी मोटारी जुळवायची एक शेड होती, ती नाही सांगितलीत."

मी म्हणाले, "मला तिची कागदपत्रं कुठे सापडली नाहीत."

"कागदपत्रं मलापण नाही सापडली. मला माझा बाप सापडला. तो तिथं कामाला होता."

मला हसू आलं. तुम्हीही हसलात. मग तुम्ही विचारलंत, राहायला कुठे आहेस, घरात सामान काय आहे. मी म्हटलं, गादी आहे आणि पुस्तकं आहेत. पुढच्या शनिवारी तुम्ही एकदाच भेटलेल्या मुलीसाठी भाड्याची व्हॅन घेऊन डार्मश्टाटला आलात. व्हॅनमध्ये कुणीतरी टाकून दिलेलं एक कपाट होतं. दुसऱ्या मजल्यावर ते आपण दोघांनी चढवलं. त्याचं एक दार लागत नव्हतं. तुम्ही खाली बसलात, दार दोनदा उघडलंत, दोनदा लावलंत, कान जवळ नेऊन ऐकलंत. मग खिशातून बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात तो पुठ्ठा काढलात, त्याची पट्टी कापलीत, दुमडलीत आणि बिजागरीमागे सरकवलीत. दार लागलं. ती पट्टी अजून तिथेच आहे. काल मी बिजागरी थोडी सैल करून ती पाहिली आणि परत आवळली.

दार हे तुमचं पोटापाण्याचं काम होतं. पंचवीसेक वर्षं तुम्ही गाड्यांच्या दारांवर काम केलंत. दार आणि चौकट यांच्यामध्ये किती फट ठेवायची, पाणी कुठून शिरतं, दार लावल्यावर आवाज कसा यायला हवा. तुमचे वडील, आबा, एकदाच जर्मनीला आले होते तेव्हाची गोष्ट तुम्ही मला किमान चार वेळा सांगितलीत. तुम्ही त्यांना तुमचं ऑफिस बाहेरून दाखवलंत. त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या इमारतीत तू करतोस काय?" तुम्ही म्हणालात, "दारं, आबा." आबा बराच वेळ इमारतीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मग एवढं शिकून काय केलंस? दारं तर मीपण बसवायचो."

ही गोष्ट सांगताना चौथ्या वेळीही तुम्हाला ठसका लागायचा इतकं हसू यायचं.

आबांनी दारं बसवली ती लॉरिमरची. हे नाव आता कुणाला माहीत नाही. तुमच्या पहिल्या पानावर तुम्ही लिहिलं आहे: "ही अमेरिकन गाडी आता कुणी बनवत नाही. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात तिचं नाव निघालं की म्हातारी माणसं हसतात. ती का हसतात, ते मला शोधायचं आहे." इंजिनिअरनं लिहिलेलं पुस्तक म्हणून मी ते हातात घेतलं होतं, थोडं वरूनच बघत. हे पहिलं पान वाचून मी सरळ बसले.

तुम्ही कथा नीट सांगितली होती. ओहायोमधल्या एका गावात घोडागाड्यांचे आस बनवणारा एक कारखाना. त्यानं बनवलेल्या पहिल्या मोटारी जड होत्या, काळ्या होत्या, दिसायला काही खास नव्हत्या, पण कडाक्याच्या थंडीत पहिल्या झटक्यात सुरू व्हायच्या. म्हणून त्या डॉक्टरांनी घेतल्या, आणि प्रेतं नेण्याचा धंदा करणाऱ्यांनी घेतल्या. माणूस जन्मताना आणि माणूस गेल्यावर, दोन्ही वेळा लॉरिमर वेळेवर दारात, असं लोक म्हणत. युद्धानंतर कंपनीला घाई झाली. नवी गाडी आली, रुंद, रंगीत, क्रोमनं मढवलेली. तिची दारं नीट बसत नव्हती. पावसात पाणी आत यायचं, वळणावर दार उघडायचं. लोकांनी विचारायला सुरुवात केली की लॉरिमर घेतली तर छत्री कंपनी देते की आपण आणायची. कंपनीनं पुढं दारं सुधारली. पण छत्रीचा विनोद काही गेला नाही. मग एका मोठ्या कंपनीनं लॉरिमर विकत घेतली, तिचं नाव एका दुसऱ्याच गाडीवर चिकटवलं, ते चाललं नाही तेव्हा काढून टाकलं.

त्या प्रकरणाचा शेवट मला पाठ आहे. "गाडीला नाव एकदाच ठेवतात. नंतर लोक तिला नावं ठेवतात." मी त्याच्याखाली रेघ मारून छान असं लिहिलं होतं. तेही पेन्सिलीनं. तुम्हाला ते फार आवडलं होतं, वहिनींना नेऊन दाखवलंत. "बघ, बाईंनी छान दिलाय," म्हणालात.

पण दोन प्रकरणांनंतर एकसष्टावं पान आलं.

इथल्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या एका मंडळानं काढलेली पुस्तिका तुमच्याकडं होती. तिच्यात लॉरिमरबद्दल अर्धं पान आहे आणि त्यात एक वाक्य आहे. दारांचा दोष मुळातला नव्हता, परदेशातल्या शेडमध्ये निष्काळजीपणानं केलेल्या जुळणीमुळं गाडीची बदनामी झाली. पुरावा त्यांनीही दिलेला नव्हता. तुम्ही त्याला उत्तर म्हणून लिहिलंत की मुंबईच्या शेडमध्ये पेट्यांतून येणारी दारं मुळातच वाकडी असत, चौकटीला बोटभर फट राही, आणि तिथले कामगार प्रत्येक दार कानशीनं घासून, बिजागरीमागं पत्र्याच्या पट्ट्या घालून, त्या त्या गाडीला बसवत. बसवलेलं दार दुसऱ्या गाडीला लागत नसे. बसवून झालं की ते आतल्या बाजूला तेलखडूनं खूण करत. डाव्या दारावर डा, उजव्या दारावर उ. "मुंबईत जुळवलेल्या लॉरिमरला छत्री लागत नव्हती," असं शेवटचं वाक्य होतं. "हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं."

मी पुरावा? लिहिलं. पुस्तिकेच्या वाक्याशेजारी मी तसं लिहिलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आत्ता, फाइल पुन्हा उघडल्यावर आलं. ते छापलेलं होतं.

तुम्ही त्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला आला होतात. एस-बान यायला आठ मिनिटं होती. तुम्ही विचारलंत, "माझा बाप पुरावा नाही का?"

मी म्हणाले, "दादा, ती आठवण आहे. आठवण चांगलीच असते, पण पन्नास वर्षांनी सांगितलेली. शिवाय ते स्वतःच्याच कामाबद्दल बोलतायत."

"मग दुसऱ्याच्या कामाबद्दल कोण बोलणार? साहेब?"

"एखादं हजेरीपत्रक, एखादा फोटो, कंपनीचं पत्र..."

"गेनाऊ," तुम्ही म्हणालात. तुमचा तो आवडता शब्द, अगदी बरोबर या अर्थाचा. पण तेव्हा तो वेगळा लागला. "बाई, तुझ्या घरी पणजोबांची पत्रं कापडात बांधून ठेवलेली असतील. आमच्याकडं कागद नसतो. आमच्याकडं माणूस असतो, आणि तो मेला की तेवढंही नसतं."

गाडी आली. मी चढले. काचेतून मी हात हलवला, तुम्हीही हलवलात. माझ्या घरी खरंच पत्रं आहेत. पुण्यात, माळ्यावर, दोन ट्रंका. त्यांत बहुतेक पत्रांमध्ये हवापाणी आणि तब्येती आहेत, आणि त्यांवर मी एक शोधनिबंध लिहिलेला आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर तुम्ही पुस्तकाचं एक पानही लिहिलं नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, वेळ नाही, ऑफिसात नवं मॉडेल आहे. लिहायचं सोडून तुम्ही गाडी घेतलीत.

ती हेरेनबर्गजवळच्या एका खेड्यात एका बाईंच्या कोठारात उभी होती. त्यांचे यजमान तरुणपणी मुंबईला नोकरीला होते, परत येताना बोटीवर घालून आपली लॉरिमर घेऊन आले होते. दोन दारांची, स्टिअरिंग उजवीकडं. उजवं दार कधीतरी ठोकर बसून बदललेलं होतं, डावं मूळचं. स्टिअरिंग उजवीकडं आहे एवढ्यावर तुम्ही जवळजवळ नाचत होतात. मी फोनवर म्हणाले, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कितीतरी देशांत गेल्या, त्यावरून शेड सिद्ध होत नाही. तुम्ही म्हणालात, "सिद्ध नको करूस गं. एकदा येऊन बस तरी."

बसायला मी आले होते, ते बरं झालं. गाडी तेव्हा शाउब यांच्या गॅरेजमध्ये होती. सत्तरी ओलांडलेले शाउब अंगातल्या निळ्या डगल्यासकट त्या गॅरेजचाच भाग वाटतात. तुमची गाडी ट्रेलरवरून उतरली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "छत्री आणलीत ना?" तुम्ही मला तो मराठीत सांगितलात आणि म्हणालात, "बघितलंस? गाडी मेली तरी विनोद जिवंत." तुमची मुलगी प्रज्ञा तेव्हा मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. तुम्ही तिला मराठीत म्हणालात की ही गाडी कदाचित तुझ्या आजोबांनी जोडलेली असेल. तिनं जर्मनमध्ये विचारलं, "कदाचित म्हणजे किती टक्के?" तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. "ते यांना विचार."

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी सावध असेल.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

तुम्ही जाण्याच्या तीन आठवडे आधी, एका सोमवारी, दुपारी तुमचा फोन आला. मी वाचनालयात होते, बाहेर जिन्यात येऊन घेतला. तुमचा आवाज चढला होता. शाउबांनी डाव्या दाराचं आतलं आवरण काढलं होतं. खाली, बिजागरीजवळ, पत्र्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

"काय लिहिलंय?"

"ते मी नाही सांगणार. मी फोटो पाठवतो. पण फोटो नीट येत नाही, तिथं हात जेमतेम जातो. तू ये. गुरुवारी शाउब रंगाखालचा प्रायमर मारणार आहेत, मग ते झाकलं जाईल."

"दादा, तुम्ही बघितलंत ना, मग सांगा की."

"माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? त्यांना जे बघायचंय ते ते बघतायत. तुझे डोळे हवेत. तुला काही बघायचं नसतं."

फोटो आला. अंधारात पत्रा, गंज, फ्लॅशचा पांढरा डाग आणि मध्ये काही काळ्या रेघा. मी तो मोबाइलवर अर्धा मिनिट पाहिला असेल. मी लिहिलं, काहीही असू शकतं, मेकॅनिकची खूण असेल, आकडा वाटतोय. शुक्रवारी मला एका लेखाच्या दुरुस्त्या पाठवायच्या होत्या. संध्याकाळी मीच फोन केला. म्हणाले, "या आठवड्यात नाही जमणार हो. पुढच्या शनिवारी आले तर?"

तुम्ही म्हणालात, "जा."

वहिनी लग्न होऊन इथे आल्या तेव्हाचा तो किस्सा आपल्या सगळ्यांना पाठ होता. तुम्ही ऑफिसच्या फोनवर "जा, जा, जा" म्हणत होतात आणि वहिनींना वाटलं, हा माणूस सकाळपासून कुणाला हाकलतोय. मग त्यांना कळलं की ते जर्मन हो आहे: लिहितात j नं, म्हणतात या, आणि तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून लिहिल्यासारखं जा म्हणत आलात. तुमच्या बोलण्यात तो शब्द इतका मुरला होता की आम्ही त्याकडं लक्षही देत नसू. त्या संध्याकाळी मी तो जर्मन ऐकला. शनिवारी आले तर चालेल का, या प्रश्नाला हो असं उत्तर. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि दुरुस्त्या करायला बसले. मला वाटलं, तुम्ही शाउबांना थांबवाल.

गुरुवारी रात्री तुमचा मेसेज आला. दाराचा फोटो, करडा, गुळगुळीत, सगळीकडं एकसारखा. खाली दोन शब्द, "प्रायमर झाला." मी अंगठा पाठवला. शनिवारी मला ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्हाला काम होतं. मग तो मंगळवार आला.

दादा, तुम्ही कुठला जा म्हणालात? मी गेले तीन आठवडे तो शब्द कानात वाजवून बघते आहे. तुमचा जर्मन जा थोडा उघडा असायचा, शेवटी जरासा वर जायचा. मराठी जा खाली पडतो. माझ्या कानात तो कधी वर जातो, कधी खाली पडतो. परवा मी प्रज्ञाला विचारलं. ती त्या संध्याकाळी तुमच्या शेजारीच सोफ्यावर होती. मी मराठीत विचारलं, तिनं नेहमीसारखं जर्मनमध्ये उत्तर दिलं. तिला आठवत नाही. ती फोनमध्ये काहीतरी बघत होती. मग माझ्याकडं बघून ती म्हणाली, "बाबा तुमच्यावर रागावत नसत. ते तुम्हाला घाबरायचे." मी विचारलं, कशाला. तिनं हवेत पेन्सिलीची खूण केली.

मला हे माहीत नव्हतं. तुम्ही माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. परदेशी कचेऱ्यांसमोर मी घाबरून उभी असताना तुम्ही माझ्या बाजूला बसून फॉर्म भरलेत. हिवाळ्यात मी कुणाशी बोलत नाही हे ओळखून दर रविवारी अकरा वाजता फोन करायचात आणि विचारायचात, "काय खाल्लंस? ब्रेड सोडून सांग." आणि अशा माणसाला माझ्या पेन्सिलीची भीती वाटायची.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी शाउबांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी डगला काढून आमच्याशी हात मिळवला. गाडी आता पूर्ण आहे. तुम्ही निवडलेला फिका हिरवा रंग तिला लागला आहे. वहिनी तिच्याभोवती एकदा फिरून आल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मी शाउबांना विचारलं की आत लिहिलेलं त्यांनी पाहिलं होतं का.

"हो, काहीतरी होतं. मला वाचता आलं नाही. मी त्यांना विचारलं, एवढी जागा झाकून ठेवू का? प्रायमर बाजूनं मारतो."

"मग?"

"ते बराच वेळ तिथं वाकून बसले होते. मग म्हणाले, नको. उघडा पत्रा ठेवला तर तिथूनच गंजेल. मारा." शाउबांनी खांदे उडवले. "बरोबरच होतं त्यांचं. दारातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं."

मी त्यांना बिजागऱ्यांबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की हो, कुणीतरी त्या कानशीनं घासलेल्या होत्या, मागं पत्र्याच्या पट्ट्या होत्या, काम सुबक होतं. कुणी केलं, कधी, कुठे? ते त्यांना कसं कळणार. एवढ्या वर्षांत गाडी दहा हातांतून गेली असेल. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर याला पुरावा म्हणालं असतं. मी म्हणू शकले नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही. याचा मला त्या गॅरेजमध्ये उभं राहून स्वतःचा फार राग आला.

मग मी दार उघडलं आणि लावलं. तुम्ही शिकवलं होतं तसं डोळे मिटून ऐकलं. एकच आवाज आला, बुटका, बंद. मागून काही खडखडलं नाही.

घरी आल्यावर मी तो फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. सोमवारी दुपारी जिन्यात पाहिला होता, त्यानंतर पहिल्यांदाच. तुमचा हात आत जेमतेम जात होता म्हणून तुम्ही मोबाइल आडवा धरला होतात, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी फोटो फिरवला. वर एक आडवी रेघ आली. तिच्याखाली एक वळण, खाली आकडीसारखं वळलेलं. त्याच्या उजवीकडं एक सरळ उभी रेघ. शिरोरेषा, ड, काना.

डा.

मी पडदा बंद केला, चहा केला, परत उघडला. तेच दिसलं. पण दादा, तुम्ही म्हणाला होतात, माझे डोळे हवेत कारण मला काही बघायचं नसतं. सोमवारी ते खरं होतं. आता मला तो डा दिसायला हवा आहे, इतका की गंजाच्या कुठल्याही डागात मी तो काढून दाखवीन. आता माझे डोळेही तुमच्यासारखेच झाले. ज्या चार दिवसांत ते साक्षीला चालले असते, त्या चार दिवसांत मी स्वल्पविराम हलवत बसले होते.

मी रागावूनही बघितलं तुमच्यावर. शाउब झाकून ठेवायला तयार होते. तुम्ही नको म्हणालात. दोन बोटं जागा उघडी राहिली असती तर शनिवारी नाही, ताप उतरल्यावर, कधीही मी येऊन बघितली असती. गंज काय एका महिन्यात दार खाणार होता? माझ्यावरच्या रागानं तुम्ही ते पुसून टाकलंत का? की तुमचं खरंच तेवढंच म्हणणं होतं, की आबांनी बसवलेलं दार गंजायला नको, कुणी मानो न मानो? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तू लई विचार करतेस. पाणी जिथनं शिरतं तिथं रंग मारायचा." हे वाक्य मी तुमच्या आवाजात ऐकू शकते, पण ते तुम्ही म्हणालेलं नाही. मीच लिहिलं आहे. तेवढा फरक मी अजून ठेवते.

तुमचं माझ्यावर किती आहे ते मी सांगायचं राहिलं. तुमच्यामुळं मी या देशात टिकले, हे वाक्य मी कित्येक रविवारी मनात तयार केलं आणि प्रत्येक वेळी ब्रेड सोडून काय खाल्लं ते सांगून फोन ठेवला. हे वाक्यही तुमच्या पुस्तकासारखंच, उशिरा पुरं होतंय.

काल दिवसभर मी एकसष्टाव्या पानासमोर बसले. आधी वाटलं, परिच्छेद काढावा, म्हणजे कुणी तुमच्यावर बोट ठेवणार नाही. मग वाटलं, फोटो छापावा, खाली ठणकावून लिहावं. फोटो छापला तर लोकांना त्यात रेघा दिसतील, जशा मला दिसल्या होत्या. संध्याकाळी मी खोडरबर घेतला आणि समासातला माझा शब्द पुसला. कागदावर त्याचा वळ राहिला आहे. तो जात नाही.

परिच्छेद ठेवला आहे. एक अक्षर बदललेलं नाही. खाली तळटीप घातली आहे, माझ्या नावानं. ती अशी आहे: "हे लेखकाला त्याच्या वडिलांनी सांगितले. डाव्या दाराच्या आतील खूण लेखकाने स्वतः पाहिली. ती पाहण्यासाठी त्याने मला बोलावले होते. मी गेले नाही."

वहिनींना मी ती फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "असू दे."

फाइल माझ्या टेबलावर आहे. फोटो आहे. कपाटाच्या बिजागरीमागं पुठ्ठ्याची पट्टी आहे. गाडी परवा प्रज्ञाच्या नावावर झाली. तिचं डावं दार एका बोटानं ढकललं तरी लागतं.